कोडावर तेल चोळून उन्हात बसण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चैत्र-वैशाखात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि त्वचारोगाच्या ओपीडीत एक ठरावीक चित्र दिसू लागते. कोडाचा पांढरा चट्टा, त्यावर टरारून आलेले पाण्याचे फोड आणि पिशवीत बावचीच्या तेलाची लेबल नसलेली बाटली. 'रोज लावा आणि दुपारच्या उन्हात बसा, रंग परत येतो' एवढाच सल्ला मिळालेला असतो. हा सल्ला पूर्ण खोटा असता तर कधीच विसरला गेला असता. तो अर्धा खरा आहे, म्हणून टिकून आहे. त्यातला खरा भाग कोणता आणि घातक कोणता, हे समजायला कोडात त्वचेच्या आत काय चालते ते ठाऊक हवे. म्हणून हे पत्र जरा लांबले आहे.

आधी नावाचे. सोलापुरात या आजाराला घराघरात वेगळे नाव आहे. मराठीत कोड, तेलुगू घरांत बोल्ली, कन्नड घरांत तोन्नू, उर्दू बोलणाऱ्यांत सफेद दाग. यातले एकही नाव वाईट नाही. वाईट आहे ते छापील नाव, 'श्वेतकुष्ठ'. कुष्ठरोग जंतूमुळे होतो. त्याचा चट्टा फिकट किंवा तांबूस असतो, दुधासारखा पांढरा कधीच नसतो, आणि बहुधा बधिर असतो. कोडाचा चट्टा खडूसारखा पांढरा असतो, पण स्पर्श शाबूत असतो. डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या चट्ट्यावर कापसाची वात फिरवली तरी त्याला अचूक कळते. कोडात जंतूच नाही, तेव्हा एका ताटात जेवल्याने, एकच टॉवेल वापरल्याने ते लागण्याचा प्रश्न येत नाही. (कुष्ठरोगही आता गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, तो विषय वेगळा.) दोन आजारांना एका नावात कोंबल्याने मुलींची लग्ने मोडतात. वृत्तपत्रांनी निदान हा शब्द छापणे थांबवावे, ही आमची पहिली विनंती.

आता त्वचेकडे. खरचटल्यावर जो वरचा थर निघतो तो कागदाइतका पातळ असतो. त्याच्या तळाशी पेशींची एक रांग असते आणि त्या रांगेत साधारण दहा पेशींमागे एक रंगपेशी, म्हणजे मेलॅनोसाइट. तिला कोळ्याच्या पायांसारख्या लांब फांद्या असतात. त्या फांद्यांतून ती भोवतालच्या तीस-चाळीस साध्या पेशींना रंगाचे कण पुरवते. गोरा माणूस आणि सावळा माणूस यांच्या अंगात रंगपेशी जवळपास सारख्याच असतात, फरक असतो कणांच्या आकारात आणि प्रमाणात. हा रंग टायरोसिन या अमिनो आम्लापासून टायरोसिनेज नावाचे एन्झाइम बनवते. रंग शिजवण्याचे हे काम चुलीसारखे आहे, त्यात धूर होतोच. हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे त्रासदायक पदार्थ तयार होतात आणि निरोगी पेशी ते लगेच निपटते.

कोड होणाऱ्या माणसाच्या रंगपेशींना ही धग पुरती सोसत नाही. ताण वाढला की पेशी संकटाची खूण म्हणून काही प्रथिने बाहेर सोडते. शरीरात गस्त घालणाऱ्या पेशी ती खूण टिपतात आणि जवळच्या लसिकाग्रंथीत जाऊन वर्दी देतात. तिथे सीडी ८ जातीच्या टी पेशी तयार होतात. एरवी या पेशींचे काम विषाणू शिरलेल्या पेशी मारण्याचे. इथे मात्र त्यांना रंगपेशीच्याच खुणा 'शत्रूच्या' म्हणून शिकवल्या जातात: मेलन-ए, जीपी १००, टायरोसिनेज. त्वचेत येऊन त्या रंगपेशी मारतात आणि मारता मारता इंटरफेरॉन गॅमा नावाचे रसायन सोडतात.

यापुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही, आणि उपचाराच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. इंटरफेरॉन गॅमा शेजारच्या साध्या त्वचापेशींवर बसते. त्या पेशींच्या आत जॅक नावाच्या एन्झाइमांची साखळी हलते आणि पेशी सीएक्ससीएल ९ व सीएक्ससीएल १० ही बोलावणी बाहेर पाठवतात. त्या हाकेला धावून येतात आणखी टी पेशी. त्या पुन्हा इंटरफेरॉन सोडतात, पुन्हा हाक जाते. चट्टा कडेकडेने वाढत का जातो, त्याचे कारण हे चक्र.

हा केवळ तर्क नाही. २००९ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी कोडाच्या कडेच्या त्वचेतून टी पेशी वेगळ्या काढल्या आणि त्याच रुग्णाच्या रंग असलेल्या त्वचेच्या तुकड्यावर सोडल्या. रंगपेशी मेल्या, बाकीच्या पेशी शाबूत राहिल्या. दुसरा पुरावा कॅन्सरच्या वॉर्डातला. मेलॅनोमा हा रंगपेशींचा कॅन्सर. त्यावर रोगप्रतिकारशक्तीला मोकाट सोडणारी औषधे दिली की काही रुग्णांच्या अंगावर कोडासारखे चट्टे उठतात, आणि ज्यांना ते उठतात त्यांचा कॅन्सर बहुधा जास्त चांगला आटोक्यात राहतो. टी पेशी कॅन्सरमधल्या आणि त्वचेतल्या रंगपेशींत फरक करत नाहीत.

यावरून एक सरळ गोष्ट निघते. कोडात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती चुकीच्या दिशेला वळलेली असते. तरीही 'इम्युनिटी वाढवा' म्हणत काढे, गुळवेलीच्या गोळ्या, पावडरी घेणारे रुग्ण रोज भेटतात. जिथे आधीच आपल्याच माणसांवर हल्ला चालू आहे तिथे शिपायांना आणखी खुराक कशाला? गुळवेलीबाबत तर २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी, करोनाच्या काळात ती नियमित घेतल्यावर यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले आहेत, आणि ती सूजही प्रतिकारशक्तीच्या उलटण्यासारखीच होती. दूध-मासे, दही, लिंबू, चिंच, पांढरे पदार्थ, 'रक्त खराब होणे' यांचा या साखळीशी काही संबंध नाही. लहान मुलांचे दही-ताक तोडून काहीच हाती लागत नाही. आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. हुबेहूब जुळ्यांतल्या एकाला कोड असेल तर दुसऱ्याला असण्याचे प्रमाण साधारण चारात एक एवढेच आढळले आहे. उरलेले बाहेरच्या कारणांवर ठरते, आणि त्यातली काही आपल्या हातात आहेत.

पहिले कारण घासणी. चालू असलेल्या कोडात जिथे त्वचा घासते, कापते, भाजते तिथे नवा डाग उठतो. परकराच्या किंवा सलवारीच्या नाडीचा कंबरेवरचा पट्टा, चपलेच्या अंगठ्याची जागा, घड्याळाचा पट्टा, दाढीचे ब्लेड, अंघोळीचा खरबरीत दगड. गारमेंटमध्ये दिवसभर कात्री धरणारा अंगठा, विड्या वळणाऱ्या बाईच्या बोटांची टोके याही घासणीच्याच जागा. उपाय साधे आहेत: नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक, मऊ पट्ट्याची चप्पल, वस्तऱ्याऐवजी ट्रिमर, अंग पुसताना टॉवेल घासण्याऐवजी टिपणे. सोलापूरचा टेरी टॉवेल पाणी टिपायलाच बनवलेला आहे, रगडायला नव्हे. चट्ट्यावर रंगीत गोंदण करून घेण्याचे खूळ अलीकडे आले आहे. आजार चालू असताना सुया टोचल्या तर भोवती पांढरी कडी उठते.

दुसरे कारण रसायने, आणि हे सर्वांत सहज निसटते. कपाळाच्या मधोमध टिकलीच्या नेमक्या आकाराचा पांढरा डाग दिसला तर संशय टिकलीच्या डिंकावर घ्यावा. काही चिकट टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटिल फिनॉल असते. चपला-बूट चिकटवण्याच्या गोंदातही ते आढळते. रबरात मिसळल्या जाणाऱ्या मोनोबेंझोनमुळे अमेरिकेतल्या चामड्याच्या कारखान्यातील हातमोजे घालणाऱ्या कामगारांचे हात पांढरे पडल्याची नोंद १९३९ सालची आहे. २०१३ मध्ये जपानमध्ये गोरे करणाऱ्या क्रीममधल्या रोडोडेंड्रॉलमुळे हजारो जणांच्या त्वचेवर पांढरे डाग पडले आणि ती उत्पादने बाजारातून परत घ्यावी लागली. या सगळ्या रसायनांचा चेहरा टायरोसिनसारखा आहे. रंगपेशी त्यांना कच्चा माल समजून आत घेते, त्यांपासून विषारी पदार्थ बनतो आणि तो पेशीच्या प्रथिनांना चिकटून त्यांचे रूप बदलतो. टी पेशींना ती प्रथिने परकी वाटतात. म्हणूनच टिकली कपाळावर आणि सहा महिन्यांनी डाग हातावर, असे होऊ शकते. 'तिथे तर टिकली लागलीच नाही' हे म्हणणे म्हणून पुरेसे नाही. चिकट टिकली त्याच दिवशी बंद करावी, 'दुसऱ्या कंपनीची' लावून बघू नये. लवकर थांबवले तर बऱ्याच जणींचा रंग परत येतो.

आता बावची. तिच्या बियांत सोरॅलेन असते आणि सोरॅलेनने रंग येऊ शकतो, हे खरे आहे. याच पदार्थावर डॉक्टरांची एक जुनी उपचारपद्धतही उभी आहे. सोरॅलेन त्वचेत शिरून पेशींच्या डीएनएमध्ये जाऊन बसते आणि सूर्याच्या यूव्हीए (अतिनील) किरणांनी तिथे घट्ट बांधले जाते. त्यामुळे टी पेशी मरतात, रंगपेशींना चालना मिळते, आणि प्रमाण चुकले तर त्वचाही भाजते. घरच्या तेलात सोरॅलेन किती आहे ते कुणालाच ठाऊक नसते. एका घाण्याचे तेल आणि दुसऱ्या घाण्याचे तेल यांत कितीही फरक असू शकतो.

त्याहून मोठा घोटाळा वेळेचा. साध्या उन्हाचा चटका त्याच संध्याकाळी जाणवतो. सोरॅलेनचा भाजका दोन-तीन दिवसांनी शिगेला पोचतो. सोमवारी तेल लावून अर्धा तास गच्चीवर बसलेल्या माणसाला मंगळवारी काहीच झालेले दिसत नाही, म्हणून तो मंगळवारी पाऊण तास बसतो, बुधवारीही बसतो. गुरुवारी सकाळी फोड. त्या फोडांत तीन दिवसांचे ऊन एकदम उतरलेले असते. शिवाय यूव्हीए किरणे साध्या काचेतून आरपार जातात आणि तेल लावलेली जागा नंतरही तासन् तास संवेदनशील राहते. तेल लावून मोटरसायकलवर सात रस्त्यापर्यंत गेलेला किंवा एसटीच्या खिडकीशी बसून बार्शीला गेलेला माणूस नकळत आणखी मात्रा घेतच असतो. आणि असे भाजणे ही त्वचेला इजाच. फोडाची कातडी गळाली की चट्टा आधीपेक्षा मोठा निघतो. अंजिराच्या चिकातही सोरॅलेन असते, तेव्हा तो 'निसर्गोपचार' त्याच वर्गातला.

सोरॅलेन आणि ऊन ही पद्धत डॉक्टरच्या देखरेखीखाली करायची झाली तर ती अशी असते: ठरावीक तीव्रतेचे द्रावण बरेच सौम्य करून, आठवड्यातून दोन किंवा तीनदा, सलग दोन दिवस कधीच नाही. ऊन सुरुवातीला अर्धा ते एक मिनिट. लगेच साबणाने धुणे, दिवसभर जागा झाकणे. पुढच्या वेळी वाढवायचे तेही अर्ध्या-एक मिनिटाने. फिकट गुलाबी झाक आली की वाढवणे बंद. मिनिटांचा आणि तासांचा हा फरक.

आज बहुतेक ठिकाणी याची जागा नॅरो बँड यूव्हीबीने घेतली आहे. उभ्या ट्यूबलाइटच्या कपाटासारखे दिसणारे यंत्र, किरण ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे, आणि तेल-गोळी काही लागत नाही. गर्भवती स्त्रियांना आणि लहान मुलांनाही देता येते. सुरुवात २०० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटरने, दर वेळी १० ते २० टक्के वाढ, आठवड्यातून दोन-तीनदा. लक्ष्य एकच: पांढऱ्या चट्ट्यावर हलकी गुलाबी झाक येऊन ती २४ तासांत मावळावी. झाक २४ तासांपुढे टिकली तर ती मावळेपर्यंत थांबून मात्रा खाली आणायची. दुखले किंवा फोड आला तर पूर्ण थांबायचे. डोळ्यांना गॉगल आणि पुरुषांनी जननेंद्रिय झाकणे यात हयगय नको.

अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याहून येणाऱ्यांच्या फेऱ्या चुकतातच, ज्वारीच्या काढणीत तर हमखास. नियम पाठ असावा. शेवटच्या फेरीला ४ ते ७ दिवस झाले असतील तर मात्रा तेवढीच ठेवावी. ८ ते १४ दिवस झाले तर पाव कमी, १५ ते २१ दिवस झाले तर निम्मी. त्याहून जास्त खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. 'मागच्या वेळी इतके होते, तेवढेच द्या' असा आग्रह धरणारे रुग्ण भाजून घेतात, कारण मधल्या काळात त्वचेची सोसण्याची सवय गेलेली असते. दहा-बारा फेऱ्यांनी निराश होणारे मात्र त्याहून जास्त. प्रतिसाद नाही असे ४८ फेऱ्यांआधी ठरवू नये. काहींना ७२ लागतात.

रंग परततो तो चट्ट्यावर सरसकट नव्हे. जवळून पाहिले तर पांढऱ्या भागात केसांच्या मुळाशी तपकिरी ठिपके उमटलेले दिसतात, मोहरी पेरल्यासारखे. ते पसरत जाऊन एकमेकांना मिळतात. कारण असे की केसाच्या मुळाशी रंगपेशींच्या मूळ पेशींचा राखीव साठा असतो आणि तिथे टी पेशींचा शिरकाव कमी. किरण दोन कामे करतात: वरच्या थरातल्या टी पेशी दाबतात आणि हा साठा जागा करून वर चढवतात. यावरून कोणती जागा सुधारेल याचा अंदाज आधीच बांधता येतो. चेहरा आणि मान सर्वांत चांगली, पोट-पाठ-दंड मध्यम. बोटांची टोके, ओठ, मनगटाचा आतला भाग यांवर केस नाहीत, तिथे फार आशा दाखवू नये. चट्ट्यातले केसच पांढरे झाले असतील तर साठाही संपलेला असतो.

पण हल्ला चालू असताना रंगामागे लागणे म्हणजे गळक्या हौदात पाणी भरणे. आधी गळती. चट्टा पसरतो आहे हे ओळखण्याच्या खुणा: कडेला तांदळाच्या कण्या सांडल्यासारखे बारीक पांढरे ठिपके, पांढरा आणि मूळ रंग यांच्यामध्ये मधल्या छटेचा पट्टा, खरचटलेल्या रेषेवर नवी पांढरी रेघ. अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्पच्या निळसर उजेडात कोड लख्ख निळे-पांढरे चमकते आणि साध्या डोळ्याला न दिसलेले डागही दिसतात. शिबे त्याच उजेडात पिवळसर दिसतात. मुलांच्या गालावरचे फिकट चट्टे फारसे चमकत नाहीत. ते जंतांमुळेही नसतात, पण तो गैरसमज आम्ही एका पत्रात घालवू शकू असे वाटत नाही.

पसरणे वेगाने चालू असेल तर स्टेरॉइडची 'मिनी पल्स' देतात: बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन, बहुधा २.५ ते ५ मिलिग्रॅम, आठवड्यातून लागोपाठ दोनच दिवस, तीन ते सहा महिने. ही पद्धत दिल्लीच्या एम्समध्ये रुळली आणि १९९३ साली प्रसिद्ध झाली. तिचे काम पसरणे थांबवण्याचे आहे, रंग आणण्याचे नव्हे. तीन महिन्यांत नवा डाग आला नाही तर औषध लागू पडले. 'रंग आला नाही' म्हणून ती सोडू नये आणि दोन दिवसांची गोळी सात दिवस तर मुळीच खाऊ नये. आधी साखर, रक्तदाब आणि क्षयाची शंका तपासायची. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून महिनोन्महिने तीच गोळी आणणारे आहेत, त्यांची साखर वाढते आणि हाडे पोकळ होतात.

मलमांचे गणित सोपे आहे. मधल्या अंगावर मोमेटासोन हे स्टेरॉइड मलम दिवसातून एकदा, सलग तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही. चेहरा, पापण्या, काखा, जांघा इथे टॅक्रोलिमस दोनदा, मोठ्यांना ०.१ टक्के, लहान मुलांना ०.०३. टॅक्रोलिमसने पहिला आठवडाभर चुरचुरते, ते आपोआप थांबते. याच आठवड्यात निम्मे लोक ट्यूब फेकतात. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, हाताच्या दोन पंजांएवढ्या (बोटांसह) जागेला पुरणारी. एका पंजाएवढ्या चट्ट्याला दिवसातून दोनदा लावले तर १० ग्रॅमची ट्यूब वीस दिवस जायला हवी. ती चार महिने पुरली असेल तर औषध लागलेलेच नाही. चार दिवसांत संपली असेल तर थापलेले आहे. खाज, नायटा, डाग सगळ्याला चालणाऱ्या मिश्र क्रीम चेहऱ्यावर लावू नयेत. त्यातल्या तीव्र स्टेरॉइडने कातडी पातळ होऊन लाल शिरा दिसू लागतात.

रंग भरून आला की उपचार एका दिवसात बंद करतात, तिथे दुसरी मोठी चूक होते. टी पेशींपैकी काही त्वचेतच मुक्काम ठोकून राहतात, जुन्या चट्ट्याच्या नेमक्या जागी. आयएल १५ नावाचा निरोप त्यांना जिवंत ठेवतो. औषध थांबले की त्या पुन्हा उठतात, म्हणून डाग परततो तो जुन्याच नकाशावर. एका अभ्यासात उपचार थांबल्यावर सहा महिन्यांत शंभरातले चाळीस चट्टे परतले. भरून आलेल्या जागी आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस चालू ठेवले तिथे हे प्रमाण दहाच्या आत राहिले. दोन दिवस, एवढेच.

जॅकची साखळी सापडल्यावर तीच अडवणारी औषधे आली. रक्सोलिटिनिबच्या १.५ टक्के क्रीमला अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये कोडासाठी मान्यता मिळाली, १२ वर्षे व त्यावरील रुग्णांना, दिवसातून दोनदा, अंगाच्या १० टक्क्यांपर्यंतच्या भागावर (हाताचा पंजा बोटांसह म्हणजे अंगाचा एक टक्का). २४ आठवड्यांत दहापैकी तिघांचा चेहऱ्यावरचा रंग तीन-चतुर्थांश किंवा अधिक सुधारला, वर्षभर लावणाऱ्यांत सुमारे निम्म्यांचा. आपल्याकडे याच गटातले टोफासिटिनिब वापरतात. त्याच्या गोळ्या क्षयाची तपासणी केल्याशिवाय घेऊ नयेत, आपल्या भागात तर नाहीच. नवे आहे म्हणून ते सर्वांना हवेच असे नाही. उन्हाच्या किंवा यंत्राच्या किरणांची जोड दिली तर जुनी मलमेही चांगले काम देतात.

शस्त्रक्रिया (मांडीवरची कातडी किंवा तिच्यातल्या रंगपेशी चट्ट्यावर बसवणे) एक वर्ष नवा डाग नाही, जुना वाढलेला नाही अशांनाच. नाहीतर टी पेशी नव्या पेशीही खातात आणि मांडीवर दुसरा डाग पडतो. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे येणारे कोड वर्ष-दोन वर्षांत आपोआप थांबते, त्याला शस्त्रक्रिया उत्तम लागू पडते.

ज्यांना दोन्ही बाजूंचे कोड आहे त्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्यावे, कारण अशीच वळलेली प्रतिकारशक्ती थायरॉइडवरही जाते. थकवा, केस गळणे, वजन वाढणे हे 'वयामुळे' म्हणून सोडून देऊ नये.

दुसरी विनंती जाहिरातींबाबत. औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे आणि ज्या आजारांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरात देता येत नाही त्यांच्या यादीत 'ल्युकोडर्मा', म्हणजे कोड, नावानिशी आहे. तरीही 'कोड मुळासकट, सात दिवसांत रंग बदलायला सुरुवात' अशा चौकटी छोट्या जाहिरातींच्या पानांवर सर्रास येतात. सात दिवसांत बदलतो तो चट्ट्याचा रंग, भाजल्याने लाल होतो म्हणून. अशी जाहिरात घेणारे पानही त्या कायद्याच्या कक्षेत येते, हे जाहिरात विभागाच्या नजरेस आणावे.

कोडाचा नवा डाग दिसल्यापासून पहिले काही महिने सर्वांत मोलाचे असतात, तेव्हा टी पेशी आवरणे सोपे जाते. सिव्हिलच्या किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे पहिल्यांदा जाताना चट्ट्याचे महिन्यागणिक फोटो न्यावेत, एकाच खिडकीच्या उजेडात, तेवढ्याच अंतरावरून काढलेले. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, तेलाची बाटली, टिकलीचे पाकीट आणि केसांच्या डायचा खोका पिशवीत घालून न्यावा. पायावर डाग असतील तर रोजचीच चप्पल घालून जावे, नवी नको.

आपले,
सोलापुरातील काही त्वचारोगतज्ज्ञ